टिलरपुराण

इतिहासात नांगर एकदाच मानाने येतो. उजाड पडलेल्या पुण्याच्या जमिनीवर बाल शिवाजीच्या हातून सोन्याचा नांगर फिरवला, असे परंपरा सांगते. मी फैजपुरात एकतीस वर्षे इतिहास शिकवला आणि हा प्रसंग दरवर्षी मोठ्या आवाजात रंगवून सांगितला. सोने किती तोळे होते, बैल कोणत्या रंगाचे होते, असे प्रश्न पोरांनी विचारले. पण दुसऱ्या दिवशी त्या नांगराचे काय झाले, हे एकतीस वर्षांत एकानेही विचारले नाही. फाळाला चिकटलेली माती कोणी खरवडली? सोने मऊ, जमीन टणक. फाळ वाकला असेल तर तो सरळ करायला लोहाराला बोलावले की सोनाराला? इतिहास यावर गप्प आहे. अवजाराचा शोध लावणाऱ्याचा पुतळा होतो. त्याचे तेलपाणी करणाऱ्याचे फक्त कपडे खराब होतात.

निवृत्तीनंतर मी या दुसऱ्या पंगतीत येऊन बसलो. त्याला कारण आमचे नाना. नाना माझे थोरले चुलतभाऊ. केळी हा त्यांचा धंदा, धर्म आणि बोलण्याचा एकमेव विषय. मजूर मिळेना आणि बैलजोडी वर्षभर पोसणे परवडेना, तेव्हा त्यांनी शेवटची जोडी विकली आणि गोठ्यात त्याच दावणीला एक टिलर आणून उभा केला. त्याच्याबरोबर एक पुस्तिका आली होती, इंग्रजीत. नाना ती घेऊन माझ्याकडे आले आणि म्हणाले, "मास्तर, तू शिकेल मानूस. हे वाच आन् याले काय खाऊ घालायचं ते सांग माले."

वाचकांपैकी ज्यांचा जमिनीशी संबंध कुंडीपुरता असेल त्यांच्यासाठी सांगतो. टिलर म्हणजे चालत हाकायचा छोटा ट्रॅक्टर. त्याला आडव्या दांड्यावर वाकड्या पात्या असतात. त्या गरगर फिरतात आणि माती भुसभुशीत करतात. काही यंत्रांत पात्या पुढे असतात. त्यांना स्वतःची चालती चाके नसतात. पात्याच यंत्राला ओढतात, आणि ते तापट खोंडासारखे उड्या मारत जाते. नानांचा टिलर मागे पात्या असलेला. पुढे इंजिनावर चालणारी चाके, मागे पात्या आणि त्यांच्याही मागे हँडल धरलेला माणूस. चाके पुढे गेल्यावर पात्या माती उकरतात, म्हणून मोकळी झालेली माती चाकाखाली पुन्हा दबत नाही. या यंत्रात सगळ्यात जवळचे शेजारी म्हणजे पात्या आणि माणसाच्या पिंढऱ्या. हे लक्षात ठेवा. पुढे त्याचे काम पडणार आहे.

मी इतिहासाचा माणूस. कोणतीही वस्तू समोर आली की आधी तिचे कुळ विचारतो. फिरत्या पात्यांनी जमीन खणण्याच्या यंत्राचे पेटंट कोनराड फॉन मायेनबुर्ग नावाच्या एका स्विस गृहस्थाने १९१०च्या सुमारास घेतले होते. पण आज शेतात फिरते त्या यंत्राचा खरा बाप म्हणजे ऑस्ट्रेलियातला आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड. न्यू साउथ वेल्स प्रांतात गिलगांड्रा येथे वडिलांच्या शेतावर १९१२ साली त्याने प्रयोग सुरू केले. नांगराने माती उलटते खरी, पण नांगराच्या आणि ओढणाऱ्याच्या वजनाने खालची जमीन दबते, हे त्याच्या डोक्यात बसले होते. म्हणून त्याने वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टर-इंजिनाला खुरप्यासारखी फिरती पाती जोडली. पात्यांनी जमीन खणली, पण माती बाजूला भिरकावली. शेवटी त्याने पात्याचे टोक काटकोनात वळवले, इंग्रजी 'एल' अक्षरासारखे, आणि माती जागच्या जागी राहू लागली. नानांच्या टिलरखाली वाकून पाहिले तर ते अक्षर आजही दिसते. शाळेत न गेलेल्या माणसालाही हे एक इंग्रजी अक्षर शेतात गिरवता येते, ही हॉवर्डची कृपा.

त्याने १९२० साली पेटंट घेतले, १९२२ साली कारखाना काढला आणि १९३८ साली इंग्लंडात जाऊन धंदा वाढवला. यंत्राला नाव दिले 'रोटाव्हेटर'. हे नाव इंग्रजीत उजवीकडून वाचा की डावीकडून, एकच येते. यंत्र मात्र तसे नाही. ते सरळ चालवणे आणि उलटे चालवणे यांत फार मोठा फरक आहे. तोही पुढे येईल.

हॉवर्ड इंग्लंडला जाण्याच्या दोनच वर्षे आधी आमच्या फैजपुरात जग लोटले होते. १९३६ सालच्या डिसेंबरात काँग्रेसचे पन्नासावे अधिवेशन इथे भरले; खेड्यात भरलेले ते पहिलेच. गांधीजी आले. नंदलाल बोसांनी बांबू आणि गावात मिळणाऱ्या साध्या वस्तूंतून टिळकनगर सजवले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू बैलांच्या रथातून मिरवत आले. त्या रथाला आपल्या आजोबांचा बैल होता असे सांगणारी घरे फैजपूर-सावदा पट्ट्यात मोजायला गेलो, तर रथाला शे-सव्वाशे बैल भरतात. अधिवेशनाने शेतकऱ्याच्या खंडाचा आणि साऱ्याचा कार्यक्रम मांडला, तो इतिहासात गेला. मला राहून राहून वाटते ते एवढेच, की मिरवणूक संपल्यावर त्या बैलांना कोणीतरी पाणी दाखवले असेल, मानेवर हात फिरवून खांदा सोलवटला का ते पाहिले असेल. त्याचे नाव कुठेच नाही.

यंत्राला आमच्या लोकांनी सहज घरात घेतले, असेही समजू नका. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९०३ साली बेळगावात लोखंडी नांगर केला, तेव्हा लोखंडाने जमिनीत विष पसरते अशी शेतकऱ्यांची समजूत होती. पहिले नांगर खपायला दोन वर्षे लागली. आता आपण त्या समजुतीला हसतो. पण आपली आजची समजूत काय कमी विनोदी आहे? तेव्हा वाटायचे, लोखंड जमिनीला मारते. आता वाटते, लोखंडाला मरणच नाही! बैल संध्याकाळी सोडावा लागतो, हे ज्याला सांगावे लागत नाही, तोच माणूस यंत्राला चार महिने तेल न बघता चालवतो आणि वर म्हणतो, "यंत्र हाये, त्याले काय होतं?"

दुसऱ्या महायुद्धानंतर जपानच्या भातखाचरांत हातटिलरांची गर्दी झाली, आणि साठच्या दशकात ती लाट आपल्याकडे आली. १९६७ साली बंगलोरला निघालेल्या व्हीएसटी कंपनीने जपानच्या मित्सुबिशीशी हातमिळवणी करून पॉवर टिलर काढले. केरळात 'कामको' हा सरकारी कारखाना १९७३ साली निघाला. ती यंत्रे मोठी, डिझेलवरची, भाताच्या चिखलात रमणारी. केळीच्या दोन ओळींत शिरणारी पेट्रोलची लहान बहीण नंतर आली.

आता दवाखान्याकडे वळू. पुस्तिका वाचतो म्हणून आधी नाना, मग शेजारी, मग नानांच्या शेजाऱ्याचे साडू, असे करता करता मी पंचक्रोशीचा टिलरवैद्य झालो. फी चहा. रोग बहुधा तेच ते.

पहिला रोग : चालू होत नाही. केळीच्या बागेचा क्रमच असा आहे की हा रोग दरसाल यावा. मृग बाग जून-जुलैत लागते, कांदे बाग पावसाळा सरता सरता. पहिले चार-पाच महिने टिलर ओळींतून फिरतो. मग पाने एकमेकांना भिडतात, सावलीत तण दबते, आणि केळीची मुळे वरच्या थरातच पसरत असल्याने तिथे पात्या घालणे म्हणजे झाडाच्या पोटावर पाय देणे. म्हणून टिलर गोठ्यात जातो. जाताना टाकीत पेट्रोल तसेच. हल्ली पेट्रोलमध्ये इथेनॉल असते आणि त्याला हवेतला ओलावा ओढून घ्यायची सवय आहे. ज्या उसातून साखर निघते त्याच उसातून हेही निघते. गोडाचे असे असते. पेट्रोल महिनोन्‌महिने पडून राहिले की उडून जाते आणि कार्बोरेटरच्या केसाएवढ्या भोकात डिंक ठेवून जाते. मग हंगामात माणूस दोरी ओढतो, ओढतो, खांदा उतरेपर्यंत ओढतो, आणि यंत्राच्या मातापित्यांचा उद्धार करतो. उपाय फुकटातला आहे. ठेवण्यापूर्वी टाकी रिकामी करावी, पेट्रोलचा कॉक बंद करावा आणि इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालू द्यावे.

तरीही सुरू झाले नाही तर प्लग काढून पाहावा. प्लग ही यंत्राची जीभ. वैद्य आधी जीभ पाहतो. कोरडी काजळी असेल तर हवा कमी पडते : एअर फिल्टर धुळीने बुजला आहे. मे महिन्यातल्या आमच्या धुळीत तो रोज झटकला तरी कमीच. जीभ ओली असेल तर पेट्रोल जास्त झाले : चोक बंद करावा, प्लग पुसावा, थोडा दम खावा. टोकांतली फट साधारण पाऊण मिलिमीटर. आणि यातले काहीच नसेल तर इंजिनातले तेल पाहावे. पुष्कळ इंजिनांत अशी सोय असते की तेल खाली गेले की ठिणगीच पडत नाही. एका गृहस्थांच्या टिलरला शहरातून माणूस बोलावला होता. त्याने येऊन कार्बोरेटर उघडला, चुंबक उघडले, पैशांचे पाकीट उघडायला लावले. यंत्र नुसते उतारावर उभे होते आणि तेल एका बाजूला गेले होते. सपाटीवर आणताच पहिल्या दोरीला सुरू झाले. त्याला फक्त नीट उभे राहायचे होते.

दुसरा रोग : इंजिन ओरडते, पण काम होत नाही. रबर जळल्याचा वास आला तर पट्टा घसरतो आहे; तार ताणावी, नाहीतर पट्टा बदलावा. पात्या फिरतात पण जमिनीत शिरत नाहीत, तर त्या झिजल्या आहेत किंवा उलट्या बसवल्या आहेत. पात्यांत डावी-उजवी असते, चपलेसारखी. धार आधी मातीला लागली पाहिजे. पाठ लागली तर यंत्र जमीन खणत नाही, थोपटते. टणक जमिनीत मात्र चांगल्या पात्याही शिरत नाहीत. चाकासारख्या वरून पळतात आणि यंत्र मालकाला घेऊन निघते. तिथे पहिली फेरी उथळ, दुसरी त्याहून खोल, असे समजुतीने घ्यावे लागते.

तिसरा रोग खास आमचा. बैल केळीत घालताना त्याच्या तोंडाला मुसके बांधत, नाहीतर तो पाने खाई. टिलरला मुसके लागत नाही. तो ठिबकची नळी खातो. नळी पात्यात गेली की आठ-दहा हात सुताच्या गुंडीसारखी गुंडाळली जाते. ती कापून काढून लोक पुढे जातात. पण पात्यांच्या दांड्याजवळ, अगदी आत, तिची किंवा गवताची एक चिंधी राहते. ती तिथे फिरून फिरून ऑइल सील कापते. मग गिअरबॉक्सचे तेल थेंब थेंब जमिनीत जाते, आणि एक दिवस आतून दात खाल्ल्याचा आवाज येतो. म्हणून संध्याकाळी इंजिन बंद करून, प्लगची टोपी काढून, दांड्याच्या मुळाशी बोटे घालून साफ करावे. अगदी बैलाच्या खुरातला खडा काढतात तसे.

काही यंत्रांत शिअर पिन नावाची एक बारीकशी खीळ असते. पात्याखाली धोंडा आला की ती तुटते आणि गिअर वाचतात. तुटणे हाच तिचा धर्म. पण आमचे लोक कर्तबगार! "सारखी तुटते" म्हणून तिच्या जागी पोलादी बोल्ट ठोकतात. बोल्ट तुटत नाही. मग गिअरबॉक्स तुटतो.

पुस्तिकेत एक अख्खे पान जमिनीच्या ओलीवर आहे. ओल्या जमिनीत चालवू नये, कोरड्या ठणठणीत चालवू नये, माती मुठीत दाबून पाहावी, गोळा व्हावा पण सोडताच फुटावा, वगैरे. मी ते पान नानांना वाचून दाखवले. त्यांनी शांतपणे ऐकले आणि एका शब्दात आटोपले : "वाफसा." काळ्या मातीत वाफशाआधी शिरले तर पात्यांना लाडू बांधले जातात आणि खालचा थर घोटून सिमेंट होतो. उन्हाळ्यात पुन्हा पुन्हा फिरवले तर वरची माती पिठासारखी होऊन वाऱ्यावर जाते. हॉवर्ड जमीन दबू नये म्हणून निघाला होता. अति केले तर त्याच्याच पात्या खाली घट्ट थर करून ठेवतात. आणि लव्हाळा किंवा हरळी असेल तिथे तर जपूनच. पात्या तिचे तुकडे करतात आणि प्रत्येक तुकडा नवा संसार थाटतो. खुरप्याने एक काढायची, तिथे यंत्राने शंभर लावायच्या.

इथवर सगळे हसण्यावारी होते. एका रोगावर मात्र मी हसत नाही.

नानांचा मुलगा, म्हणजे माझा पुतण्या, हाच टिलर चालवतो. एके दिवशी बागेत गेलो, तर हँडलवरचा क्लचचा दांडा सुतळीने करकचून बांधलेला. या दांड्याची गंमत अशी, की तो हाताने दाबून धरला तरच यंत्र चालते. हात सुटला की पात्या थांबतात. दिवसभर धरून बोटे भरून येतात, म्हणून सुतळी. मी म्हटले, "ही सोड." तो म्हणाला, "काका, सगळेच बांधता. बोटं दुखता."

खरोखरच सगळे बांधतात. आणि मग बांधावर वळताना गिअर मागे टाकतात. पात्या फिरत्याच. माणूस मागे चालता चालता मागच्या खोडाला, नाहीतर तोडलेल्या केळीच्या निसरड्या सोपटावर अडखळतो, बसतो, आणि यंत्र मागे येतच राहते. पुस्तिका बजावून सांगते, की मागे घेताना आधी पात्या बंद करा. शेजारच्या शिवारातल्या एका जवान पोराच्या पिंढरीचे काय झाले ते आम्ही दोघांनीही पाहिले होते. ते मी इथे लिहीत नाही. तो अजून पाय ओढत चालतो.

मी पुतण्याला इतिहास सांगितला नाही. नाना बांधावर उभे होते, त्यांनाच विचारले, "नाना, तुम्ही वखर हाकता हाकता पडलात कधी?"

"लई वेळा."

"मग बैलांनी काय केलं?"

नाना म्हणाले, "काय करतीन? कासरा ढिला पडला, उभे राह्यले. मागं वयून पाह्यलं."

पुतण्या काही बोलला नाही. मीही बोललो नाही. बैलाचे बळ आपण इंजिनात भरले. त्याचे खाणेपिणे टाकीत आणि तेलात भरले. पण मालक पडला तर थांबावे, ही जी बैलाची अक्कल होती, ती साऱ्या यंत्रात त्या एका दांड्यातच शिल्लक आहे. तेवढा एक बैल उरला होता, आणि त्यालाही आम्ही बांधून ठेवला. बाकीची सगळी देखभाल तरी दुसरे काय आहे? बैल दमला की सांगायचा, लंगडला की दाखवायचा, तहानला की हंबरायचा. यंत्र सांगत नाही, म्हणून आपण विचारायचे असते. रोज, संध्याकाळी, हातात चिंधी घेऊन.

नानांनी खिशातून अडकित्ता काढला आणि सुतळी कापली. बोटे दुखण्यावर तोडगाही त्यांनीच काढला. दांड्याला जुन्या सायकलच्या ट्यूबची मऊ पट्टी गुंडाळली, आणि दर चार ओळींनंतर यंत्र थांबवून पाणी प्यायचे ठरले. बैलांनाही ते तेवढ्यालाच सोडत असत.

त्या वर्षी पोळ्याला आमच्या घरी मातीच्या बैलांची पूजा झाली. खरे बैल नव्हतेच. दुपारी पुतण्याने गोठ्यात टिलर धुतला, इंजिनाचे तेल बदलले, फिल्टर झटकला, दांड्याच्या मुळातली चिंधी काढली आणि हँडलला एक गोंडा बांधला. क्लचचा दांडा मोकळा होता. नाना आले, यंत्राभोवती एक चक्कर मारली, प्लग काढायला लावला. बैल विकत घेताना दात पाहतात तसा तो डोळ्यांजवळ धरून उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "ठीक हाये. अजून चार बागा काढीन हा."